उगाळलेलं सांडू नये

१

दुपार कलली, उन्हं परसदारी उतरली, की रत्नम्माच्या घरातून खर्र, खर्र असा आवाज सुरू व्हायचा. हुलसूरच्या त्या गल्लीला तो इतका अंगवळणी पडला होता, की एखाद्या दिवशी ऐकू आला नाही तर शेजारणी दारातून डोकावून विचारायच्या, "अक्का, बरी हाईस न्हवं?"

रत्नम्मा सांबरशिंग उगाळत असायची. सहाणेवर चार थेंब पाणी टाकायचं, शिंग उभं धरून गोल गोल फिरवायचं आणि पांढरा लेप दाट झाला की बोटानं निपटून घ्यायचा. कफ धरलेल्या पोरांच्या छात्या, मुरगळलेले पाय, अवघडलेल्या माना, सगळ्या गल्लीची दुखणी त्या लेपाकडे यायची. दवाखाना गाठायचा तर गुलबर्ग्यापर्यंत बैलगाडीचे हाल, त्यापेक्षा रत्नम्माचा उंबरा बरा.

हे शिंग तिला आईनं लग्नात दिलेलं. त्याबरोबर दोन नियमही दिले होते. पहिला, शिंग गळालेलंच हवं, मारलेल्या जनावराचं लिंगायताच्या घरात चालायचं नाही. गळालेल्याचं बूड गोलसर आणि खरबरीत असतं, त्याला कवटीचा तुकडा चिकटलेला नसतो. "गळालेलं शिंग म्हंजी ते टाकून जनावर आपल्या पायानं फुडं चालत गेलं," असं आई म्हणायची. दुसरा नियम, उगाळलेलं सांडू नये. औषध मोरीत गेलं की रुसतं. जास्त झालं तर कुणाच्या तरी अंगाला लावूनच संपवायचं, मग ते अंग माणसाचं असो की म्हशीचं. एकदा लेप उरला तेव्हा रत्नम्मानं दारावरून चाललेल्या चौकीच्या शिपायाला थांबवून त्याच्या मनगटाला चोपडला होता. शिपाई निजामाचा असला तरी मनगट माणसाचंच होतं, तो बिचारा मुकाट उभा राहिला.

निजामी फसली सन तेराशे त्रेचाळीसच्या दसऱ्यापासून मात्र ती गावासाठी कमी आणि घरासाठी जास्त उगाळायला लागली. तिचा नवरा चन्नबसप्पा विहिरी बांधायचा. चाळीस वर्षं तो भालकी, औराद, हुमनाबाद अशी गावं पालथी घालत हिंडला. चार चार महिने घरी नसायचा. आला तरी दोन दिवस भाकरी खायचा, तिसऱ्या दिवशी ओळंबा आणि थापी पिशवीत भरायचा. आता त्याचे गुडघे गेले होते. तो माजघरात घोंगडीवर पडून कण्हायचा आणि रत्नम्मा गल्लीतल्या बायकांपुढे डोळ्याला पदर लावायची. पण खरं सांगायचं तर मनातून तिला बरं वाटत होतं. चाळीस वर्षांनी माणूस घरात होता. या सुखाची तिला लाजही वाटायची, म्हणून ती अधिकच जोरात उगाळायची.

२

आईचं शिंग झिजून नखाएवढं राहिलं होतं. अशात एक दिवस राघोबा आला. राघोबा गावचाच शेतकरी. मांजरेकाठी त्याच्या रानात विहीर खणताना चन्नबसप्पाच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. चन्नबसप्पाची ही शेवटची विहीर तशीच अर्धी राहिली होती.

"अक्का, हे बग काय गावलं," म्हणत त्यानं धोतराच्या सोग्यातून एक वस्तू काढून उंबऱ्यावर ठेवली. "इस हात खाली गोट्यांचा थर लागला, त्याच्यात व्हतं. मांडीएवढं जाड अन् वर रुंद पसरलेलं. काढता काढता त्याचं तुकडंच पडलं. हे बुडखाकडचं तेवढं धड हाय."

वीतभर लांब, काळपट पिवळा तुकडा होता तो. रत्नम्मानं उचलला आणि तिचा हात खाली गेला, इतका तो जड. तिनं तो उलटा करून बघितला. बूड गोलसर होतं, खरबरीत, भोवती मण्यांसारखी कडा.

"गळालेलंच हाय," ती म्हणाली. "चालतंय. पर एवढं मोठं सांबर हाय कुठं आपल्याकडं?"

"आसंल पयल्याच्या काळी," राघोबा म्हणाला. "इस हात मातीखाली म्हंजी किती साल झाले, कुणाला ठावं."

रत्नम्मानं विचार केला, शिंग म्हणजे शिंग. जुनं तांदूळ जसं पोटाला हलकं, तसं जुनं शिंगही गुणाला चांगलंच असेल. तिनं सहाण घेतली.

आईच्या शिंगाचा लेप पांढरा निघायचा आणि त्याला जळक्या हाडाचा वास असायचा. हा गेरूसारखा तांबूस निघाला. वास आला तो ओल्या गवताचा, आणि गवतसुद्धा आपल्याकडचं नव्हे. रत्नम्मानं दोनदा हुंगून बघितलं. ओळखू येईना, पण लहानपणीचं काहीतरी आठवायला आल्यासारखं तिला वाटलं.

३

आठ दिवसांत चन्नबसप्पा भिंत धरून उभा राहिला, पंधराव्या दिवशी परसदारापर्यंत गेला. रत्नम्मानं मठात जाऊन नारळ फोडला आणि घरी येताना तिला रडू आलं. कशाचं ते तिचं तिलाच माहीत. माणूस पायावर उभा राहिला, आता तो पुन्हा पिशवी भरणार.

त्याच सुमाराला तिच्या लक्षात एक गोष्ट आली. स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसून ती उगाळायची. पाठीमागे जांभ्या दगडाची भिंत, भिंतीपलीकडे परसू. त्या दिवशी लेप दाट झाला, तिनं हात थांबवला, तरी आवाज चालूच राहिला. खर्र, खर्र. दोनदा. मग बंद.

तिनं शिंगाकडे बघितलं, ते हातात स्थिर होतं. घर रिकामं असलं की आवाज घुमतो, हे तिला ठाऊक होतं. पण घुमलेला आवाज मागोमाग येतो. हा थोडा थांबून आला होता, कुणी ऐकून घ्यावं आणि मग बोलावं तसा. तिनं मुद्दाम एकदाच शिंग फिरवलं. खर्र. मग श्वास धरून बसली. चुलीतलं लाकूड चुरचुरलं. मग भिंतीपलीकडून, वरच्या अंगाला, खर्र.

"म्हैस आसंल," ती मोठ्यानं म्हणाली. म्हैस गोठ्यात बांधलेली होती आणि गोठा पुढच्या अंगाला होता, हे म्हणून झाल्यावर तिला आठवलं.

४

चन्नबसप्पा मुलखाचा अबोल माणूस. लग्नानंतर पहिल्या वर्षात तो तिच्याशी बोललेली वाक्यं रत्नम्माला अजून पाठ होती, इतकी ती कमी होती. तोच आता गुडघ्याला लेप लागला की बोलायला लागायचा. डोळे मिटून, हळूहळू, कुणी गावची आठवण सांगावी तसा.

"आमच्याकडं गवत छातीला लागतंय," तो म्हणायचा. "सकाळच्या पारी त्याच्यावर पांढरं पडतंय, मिठावानी. नदीवर समदे येतेत. एक जात हाय, तिची शिंगं सुपावानी रुंद. वारा सुटला की मान वाकडी करून चालावं लागतंय तिला. एकीच्या डोस्क्यावर निस्तं काटेरी झुडूप, पंचीस टोकं मोजून घे. एकाचं शिंग गलोलीवानी, लांब दांडा अन् वर दोनच बोटं. अन् एक लहान हाय, कुत्र्याएवढं. त्याला शिंगंच न्हाईत, दोन सुळे हाईत खाली आलेले. ते लई भित्रं."

रत्नम्मा लेप चोळत ऐकत राहायची. वाटायचं, कुठल्यातरी गावी विहिरीवर काम करताना कुणा म्हाताऱ्यानं सांगितलेलं असेल. आणि खरं म्हणजे तिला खोदून विचारायचंच नव्हतं. चाळीस वर्षांत नवरा असा जवळ बसून बोलला नव्हता. ती दिवसभर त्या घटकेची वाट बघायची. भाकऱ्या थापताना तिला ती सुपाची शिंगं दिसायची आणि तिलाही त्यांची ओढ लागायची, न बघितलेल्या माहेराची लागावी तशी.

"तुमच्याकडं म्हंजी कुठं हो?" एकदा तिनं विचारलंच. "हेच की तुमचं घर."

तो हसला. पाहुणा यजमानाला वाईट वाटू नये म्हणून हसतो तसं.

महिना गेला. मग एके दिवशी तो म्हणाला, "सुळेवाले आज दिसले न्हाईत." दोन दिवसांनी गलोलीच्या शिंगाचे दिसले नाहीत. मग झुडपाचे. तो रोज सांगायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी एखादं नाव गळायचं.

"कुठं गेले म्हनायचं?"

"कुणाला ठावं. नदी तीच हाय. गवत बी हाय. पानी प्यायला कुणी यीना." त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पोटची पोर सासरी गेली तेव्हाही हा माणूस रडला नव्हता.

त्या दिवशी भिंतीपलीकडचा आवाज तिनं मोजला. तिच्या एका घासण्याला पाच उत्तरं आली.

५

राघोबा विहिरीचं काम विचारायला आला, तेव्हा रत्नम्मानं त्याला चहा दिला आणि बोलता बोलता विचारलं. राघोबा तरुणपणी जहागीरदाराच्या शिकारीत हाकारा घालायला जायचा, जनावरांचं त्याला कळायचं.

"अण्णा, हरणं भिंतीला शिंगं घासतेत का हो?"

"झाडाला घासतेत. भिंतीला कामून घासतील? गावात येतच न्हाईत ती." त्यानं बशीत फुंकर घातली. "आमच्यातला एक म्हातारा शिकारी शिंगावर शिंग घासायचा, लपून बसून. नर बरोबर यायचा बगा. त्याला वाटायचं, आपल्या जातीचं कुणीतरी हाय हितं."

रत्नम्मानं हातातली कपबशी खाली ठेवली. 

राघोबा गेल्यावर ती परसदारी गेली. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला दिवाळीआधी तिनंच पांढऱ्या मातीचा पोतारा दिला होता. तो एका पट्ट्यात निघून गेला होता आणि आतला तांबडा जांभा उघडा पडला होता. ती चवड्यांवर उभी राहिली, हात उंच केला, तरी बोटं त्या पट्ट्याच्या खालच्या कडेलाही पोचेनात. शेवटी तिनं शिडी लावली. दगड गुळगुळीत झाला होता, देवळाच्या उंबऱ्यासारखा.

कडब्याची गाडी घासली असेल, तिनं मनाला सांगितलं. पण परसवात गाडी शिरत नाही, दार अडीच हात रुंद. मग उंट असेल, हैदराबादेकडून कुणी व्यापारी आला असेल. तो उंटही त्याच दारातून आला असता आणि गल्लीनं महिनाभर दुसरं काही बोललं नसतं. रत्नम्मा शिडीवरून उतरली. उतरताना लक्षात आलं, की परसवातल्या घेवड्याच्या वेलाला एक पान राहिलेलं नाही.

६

तिनं उगाळणं बंद केलं. शिंग पिठाच्या डेऱ्यात खुपसून ठेवलं.

पहिल्या दिवशी चन्नबसप्पा लेपाची वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले. तिसऱ्या दिवशी तो माजघरातून स्वयंपाकघरात सरपटत आला आणि डेरे चाचपायला लागला. हे असलं रूप तिनं त्याचं कधी बघितलं नव्हतं. तिनं त्याला धरून बसवलं.

"एकच राह्यलंय," तो म्हणाला. "सुपाच्या शिंगाचं. त्याला वाटतंय हितं कुणीतरी हाय. थांबवू नको गं."

"अन् तुमी? तुमी जानार हाव का त्याच्यासंगं?"

 तो परसदाराकडे बघत राहिला. ते बघणं रत्नम्माला पाठ होतं. पिशवी भरायच्या आदल्या रात्री तो असाच दाराकडे बघायचा.

ती मग इरेला पेटली. चाळीस वर्षं विहिरींनी नेला, आता कुठे हाताला लागला, तो कुणा जनावराच्या मागं जाऊ द्यायचा नाही. शिंग विहिरीत टाकलं तर हा विहिरीत उतरेल, सगळा जन्म तेच केलं त्यानं. पुरलं तर खणून काढेल. ते संपवायलाच हवं होतं. एकदा झिजून नाहीसं झालं, की बोलावणं संपलं आणि येणंही संपलं.

सहाण पुरणार नव्हती, म्हणून तिनं पाटा मांडला. शिंग मुठीएवढं उरलं होतं. भाकरी-कालवण शेजारणीकडून आणलं आणि तीन दिवस ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घासत बसली. खांद्यात गोळे आले, बोटांची सालं निघाली. पहिल्या दिवशी उत्तर परसवाच्या टोकाकडून आलं. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीशी, इतकं जवळ की भिंतीची माती पाट्यावर सांडायची.

लेपानं कटोरे भरत होते. पहिला कटोरा घेऊन ती मोरीशी गेली होती. हात तिरका केला, पण आईचा शब्द आडवा आला. दुसरी कुणी असती तर ती ओतून मोकळी झाली असती. रत्नम्माच्या हातून ते होणं शक्य नव्हतं. आणि दुसऱ्या कुणाच्या अंगाला ही पीडा लावायची तरी कशी? ती माजघरात गेली. गुडघ्यांना लावलं, पोटऱ्यांना लावलं, पाठ, छाती, मान. तिसऱ्या दिवशी जागा राहिली नाही तेव्हा त्याच्या कपाळावरची विभूती पुसली आणि तिथंही लावला. तो लेकरासारखा शांत बसून होता.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना पाट्यावर हरभऱ्याएवढा खडा राहिला. भिंतीत उंचावर एक झरोका होता, त्यातून रोज उन्हाचा चौकोन जमिनीवर पडायचा. तो एकाएकी गेला. त्याच्या जागी सावली आली, रुंद, सुपासारखी, कडेला लांब लांब बोटं असलेली. ती जमिनीवर मावेना, समोरच्या भिंतीवर दुमडून चढली आणि तिथून आढ्याला लागली. रत्नम्माचा हात थांबला नाही. थांबला असता तर तिला मागं वळून झरोक्याकडे बघावं लागलं असतं. ती खडा घासत राहिली, बोटाखाली नुसता दगड लागेपर्यंत.

मग सगळं निवांत झालं. सावली खूप वेळ तशीच होती. पलीकडे कुणीतरी एक लांब श्वास सोडला, झरोक्यातून वाफ आत आली आणि तिला ओल्या गवताचा वास आला. मग उन्हाचा चौकोन हळूच जमिनीवर परत आला.

शेवटचा लेप तिनं नवऱ्याच्या कानामागं लावला.

७

चन्नबसप्पा खडखडीत बरा झाला. माळवदावर शिडीनं चढायचा, एवढा. राघोबानं विहीर पुरी करायला बोलावलं तर त्यानं नुसती मान हलवली. ओळंबा आणि थापी खुंटीवरच राहिली. तो कुठेही गेला नाही. शेजारणी म्हणायच्या, "अक्का, नशीबवान हाईस. म्हातारपणी मानूस घराला लागला." रत्नम्मा व्हय म्हणायची.

तो माजघरात परसदाराकडे तोंड करून बसायचा. डोक्याचा रुमाल आता आंघोळीलाही सोडत नसे. भाकरी पुढं ठेवली तर हुंगायचा आणि थोडी खायचा. एकदा ती पाण्याचा तांब्या घेऊन गेली तेव्हा तो अदबीनं अंग चोरून उठला.

"अक्का, कामून तरास घ्यायलाव?" तो म्हणाला. "मी नदीवर पितो की."

ज्या माणसानं चाळीस वर्षांत तिला "अगं"शिवाय हाक मारली नव्हती, तो परक्या बाईला म्हणावं तसं अक्का म्हणाला. तिनं तांब्या खाली ठेवला. "बरं," म्हणाली आणि चुलीपाशी जाऊन खूप रडली.

पौषात एका दुपारी ती गोठ्यातून येत होती, तेव्हा आवाज आला. खर्र, खर्र. पाटा तर धुऊन उभा केलेला होता आणि घरात शिंगाचा कणसुद्धा नव्हता. आवाज परसवातून नव्हता, आतून होता. ती दाराच्या फटीशी उभी राहिली. माजघरात अंधुक होतं. चन्नबसप्पा मागच्या भिंतीशी उभा होता, मान खाली घालून, आणि कपाळ दगडावर घासत होता. दोनदा घासायचा, थांबायचा, कान देऊन ऐकायचा. मग पुन्हा. रुमाल सुटून खांद्यावर आला होता. केसांत काही होतं की अंधारानंच तसं दिसलं, हे तिनं बघितलं नाही. तिनं बघितला तो त्याचा ऐकणारा चेहरा. बाहेरून काहीच येत नव्हतं. तो ऐकत होता आणि त्याचे ओठ थरथरत होते.

तो घरात राहावा म्हणून तिनं काय केलं होतं, ते तेव्हा रत्नम्माला पुरतं समजलं. तिकडचं ते एकटं होतं, त्याला निदान दीड-दोन महिने कुणीतरी उत्तर दिलं होतं. ह्याला तेवढंही कुणी नव्हतं.

ती आत गेली नाही. घराला वळसा घालून परसवात आली, मागच्या भिंतीशी, तो जिथं उभा होता त्या जागेला. पदर डोक्यावरून मागं घेतला, भिंतीवर दोन्ही हात टेकले आणि कपाळ दगडाला लावलं. जांभा गार होता आणि खरबरीत. आतला आवाज थांबण्याची तिनं वाट बघितली. तो थांबला, तेव्हा तिनं कपाळ घासलं. एकदा, मग पुन्हा. कुंकू दगडाला लागलं, कातडी सोलवटली. आत काही हललं नाही.

मग पलीकडून उत्तर आलं, घाईघाईनं, पाच वेळा. तिनं पुन्हा घासलं. आतली पावलं भिंतीच्या अगदी जवळ आली.